हळू दिलेला झटका

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टाकी भरली. आणि त्या कामात मी तिला बोललो.

मुकुंदवाडीत आमचं घर आहे. मीच बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची आणि गच्चीवर पाण्याची टाकी. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. आलं की आधी गेटजवळच्या हौदात पडतं, तिथून मोटार लावून वर चढवावं लागतं. नळाच्या दिवशी आमच्या गल्लीतलं माणूस जवळच्या लग्नालासुद्धा जात नाही, घरातलं एक तरी मागं राहतं. मोटारीचं बटण खाली माझ्याकडं, वर टाकीपाशी ती. माझा डावा कान फरशी कापायच्या मशिनीनं खाल्लेला आहे, उजवा अर्धा उरलाय. तिनं गच्चीवरून कितीही बोंब मारली तरी मोटारीच्या आवाजात मला ऐकू यायचं नाही. मोबाईल तिनं कधी हातात धरला नाही. म्हणून आमच्यात दोर होता.

बोटाएवढा जाड, काथ्याचा. वरचं टोक गच्चीवरच्या सळईला बांधलेलं. तिसऱ्या मजल्यासाठी सळया सोडल्या होत्या. मजला काही झाला नाही, सळया गंजत उभ्या आहेत. खालचं टोक गेटच्या आकड्याला. एक झटका म्हणजे मोटार चालू करा, दोन म्हणजे बंद करा, तीन म्हणजे झालं सगळं, चहाला वर या. मोटार लावली की मीही खालून एक द्यायचो, लावली म्हणून.

त्या मंगळवारी दोन झटके मला कळले तेव्हा टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली पडत होतं. समोर राहणारा फरशीवाला चाचा माझ्याशी बोलत उभा होता. माझ्यासोबत त्यानं पन्नास घरांच्या फरश्या बसवल्यात. ओघळ त्याच्या चपलेपर्यंत गेला तेव्हा आम्ही दोघांनी वर बघितलं. मी बटण बंद केलं, वर गेलो आणि तिला म्हणालो, हातात जीव नाही तुझ्या, झटका हळू देतीस म्हणून उशिरा पोचतो. हे मी तिला चाळीस वर्षं म्हणत आलो होतो. तिनं पदराला हात पुसले.

"मी येळेवरच दिला. तुमचं ध्यान कुठं व्हतं?"

एवढं म्हणून तिनं चहा ओतला. मी तोंड फुगवून प्यालो. सांडलं असेल दोन घागरी पाणी, पण मी असा बसलो होतो जसा काही हौद फुटलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून ती आडवी झाली आणि मेली. लोक गेली म्हणतात, मला ते जमत नाही. गेलेलं माणूस परत येतं, म्हणून मी मेली म्हणतो. डॉक्टर म्हणाला हृदय बंद पडलं. मी मनात म्हणालो, हातातला जीव आदल्या दिवशीच कमी झाला होता, झटका उशिरा आला होता, मला कळायला पाहिजे होतं. हा विचार मी कुणाला सांगितला नाही. तीन महिने तो माझ्यासोबत उठला आणि माझ्यासोबत झोपला.

दोराचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही सिल्लोडकडचे. लग्न झाल्यावर दोघंही औरंगाबादला आलो. तेव्हा नाव तेच होतं, माझ्या तोंडात अजून तेच येतं. मी गवंड्याच्या हाताखाली लागलो आणि ती घमेलं उचलायला. मी वर परांचीवर, लाकडी फळीवर उभा. ती खाली. माल भरलेलं घमेलं दोराला बांधून झालं की खालच्या माणसानं वरच्याला खूण द्यायची. ती खूण ओढून द्यायची नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. फळी एक फूट रुंद, खालून कुणी दोर ओढला तर वरचा माणूस मालासकट खाली. म्हणून दोर हातात सैल न सोडता ताणून धरायचा आणि मनगट आडवं झटकायचं. दोरात फुगवटा उठतो आणि सरसर वर जातो. वरच्याच्या तळहाताला धक्का कळतो, तोल जात नाही.

पहिल्या दिवशी तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीवर पोहरा ओढायची सवय, तिनं दिला हिसका. मी एका हातानं बांबूला लटकलो. खाली उतरून तिला नको नको ते बोललो, सगळ्या मजुरांसमोर. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दोर ओढायसाठीच असतो असं मला वाटलं. तुमी वर काय टांगायसाठी गेल्ते का?" सगळी साइट हसली. पुढं दोन महिने मला लोक टांगलेला मिस्त्री म्हणायचे.

दुसरी एक गोष्ट दोरानंच शिकवली. वर दोर माणसाच्या हातात असेल तर खालून दिलेला झटका हातात जिरतो. नुसताच खांबाला बांधलेला असेल तर तो झटका वर आपटून परत येतो, आणि येताना उलटा येतो. उजवीकडं दिलेला डावीकडून येतो. त्यावरून आम्ही ओळखायचो की वर माणूस आहे का बिडी प्यायला गेलाय.

तेरावा झाल्यावर पहिल्यांदा नळ आला. मुलगा कंपनीत गेलेला, सून भांडी भरायच्या घाईत. मी मोटार लावली आणि सवयीनं दोराला एक झटका दिला. वर गेला. परत आला. उलटा.

मी बटण बंद केलं. टाकी अर्धीच भरली होती. वर जाऊन दोर सोडला, गुंडाळला, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत घातला आणि जिन्याखाली टाकला. मुलाला सांगितलं, इथून पुढं पाणी तू बघ.

आता नातीचं. मुलाची ही एकच मुलगी, नववीत आहे. तिचं गणित, विज्ञान चांगलं होतं. तिच्या आजीनं ती दुसरीत असतानाच जाहीर केलं होतं की मी घमेलं वाहिलं, ही नकाशा घेऊन साइटवर उभी राहील आणि मिस्त्री हिला विचारून भिंत उचलतील. मला चिडवायला म्हणायची, पण खरंच म्हणायची. पोरीनंही ते धरून ठेवलं होतं. आजी मेल्यावर तिचं पुस्तकातलं मन उडालं. चाचणीत एक प्रश्न आला. ताणलेल्या दोरीच्या मधोमध रिबीन बांधली आणि एका टोकाला झटका दिला, तर रिबीन कुठं जाईल? हिनं लिहिलं, लाटेबरोबर दुसऱ्या टोकाला जाईल. सरांनी नाव न घेता उत्तर वाचलं, तरी वर्गाला अक्षरावरून कळलं कुणाचं ते, आणि वर्ग हसला. सर वाईट नसावेत. त्यांनी तिला नंतर बोलावून सांगितलं, सोमवारी तूच हे सगळ्यांना करून दाखव, पाठ करून म्हणू नको.

शनिवारी जेवताना तिनं बापाला सांगितलं की मी सोमवारी शाळेत जाणार नाही, आणि दहावीनंतर सायन्स घेणार नाही, आर्टला जाते. माझ्या मुलाला घरात वाद नको असतो. तो बरं म्हणाला. सून म्हणाली, जशी तुझी मर्जी. मी भाकरी ताटात ठेवली. तिच्या आजीची जागा समोर रिकामी होती आणि कुणीच नाही म्हणायला नव्हतं.

रविवारी दुपारी मी तिला म्हणालो, आण तुझं पुस्तक.

"आबा, तुमची चौथी झालीये."

"चौथी पास झालीये. तू नववीत रिबीन पळवली."

ती रडेल असं वाटलं, पण ती हसली. तीन महिन्यांनी. पुस्तक आणलं. धड्याचं नाव तिनंच वाचून दाखवलं, अवतरंग. खाली एक ओळ होती, ती मी बोट ठेवून अडखळत वाचली. माध्यमाचे कण तरंगाच्या दिशेला लंब दिशेत कंप पावतात. मला माध्यम कळलं नाही, कण कळले नाहीत, कंप ऐकून माहीत. पण लंब म्हटल्यावर मी थांबलो. लंब माझा आहे. लंब म्हणजे गुण्यात. भिंतीला भिंत काटकोनात आहे का हे बघायला आम्ही जो लोखंडी गुण्या लावतो, तेच. म्हणजे लाट जाते एकीकडं आणि वस्तू हलते तिच्या गुण्यात. मी ती ओळ पुन्हा वाचली. मग माझ्या लक्षात आलं की हे मला माहीत आहे. मनगट आडवं झटकायचं, ओढायचं नाही. पुस्तकवाल्यांनी आमच्या परांचीवरच्या खुणेला नाव दिलंय.

पण ते दाखवायचं तर दोर पाहिजे.

मी तिला आधी नाड्यावर दाखवलं. जमेना. मग सुतळी फरशीवर ठेवून हलवली, ती घासून तिथंच मेली. पोरगी म्हणाली, "राहू द्या आबा, मला नाहीच कळणार." ती उठली तेव्हा मी जिन्याखाली गेलो. गोणीला हात लावायला मला वेळ लागला. कारण नाही सांगत, ज्याला समजायचं त्याला समजेल. दोर काढला. आजी जिथं धरायची तिथला काथ्या गुळगुळीत झाला होता.

ऐंशी फुटांचा दोर. वरून गेटपर्यंत तिरपा लावला तर चाळीसच लागतो, बाकीचा पूर्वी गच्चीवर वेटोळं करून पडलेला असायचा. दोर सळईला बांधला, खाली आकड्याला अडकवला. मधोमध पोरीच्या वेणीची लाल रिबीन बांधली. ती गच्चीवर, मी खाली. म्हणालो, दे झटका, ओढू नको.

फुगवटा उठला, रिबिनीपाशी आला, रिबीन बाजूला उडाली, परत जागेवर आली, फुगवटा माझ्याकडं आला आणि माझ्या हातात जिरला. रिबीन होती तिथंच. तिनं पाच-सहा वेळा दिला. मग कठड्यावरून वाकून ओरडली. मी उजवा कान वर केला.

"रिबीन तिथंच राहते, दोर पण तिथंच राहतो. मग आबा, येतं काय तुमच्यापर्यंत?"

हा प्रश्न कुणी मला कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, साइटवर तुझी आजी खालून झटका द्यायची तेव्हा तिचा हात खालीच असायचा, दोर जागच्या जागी असायचा. माझ्यापर्यंत फक्त तिनं लावलेला जोर यायचा. ती वरून म्हणाली, ऊर्जा. मी म्हणालो, असेल.

समोरून चाचा बाहेर आला. "क्या मिस्त्री, बुढापे में पतंग उडा रहे क्या?" मी त्याला सांगितलं शाळा चालू आहे, फी लागेल. तो खुर्ची घेऊन बसला.

मग मी मिस्त्रीगिरी दाखवायला गेलो. पोरीला म्हणालो, अजून एक लिहून घे, पुस्तकात नसेल. झटका जोरात दिला की लवकर पोचतो, हळू दिला की उशिरा.

ती म्हणाली, नाही. सरांनी सांगितलंय, वेग दोरीवर असतो, झटक्यावर नाही. दोर ताणला तर लवकर, जड असला तर उशिरा. हळू-जोराचा संबंध नाही.

दोर ताणला की लवकर पोचतो हे मला ठाऊक होतं. पावसात भिजून दोर जड झाला की झटका रेंगाळतो हेही. पण हे तिसरं मी मानायला तयार नव्हतो. चाळीस वर्षांचा अनुभव आहे म्हणालो. ती म्हणाली, करून बघू. दोराचे दोन तुकडे करा, एकावर हळू देते, एकावर जोरात.

दोर कापायला मी देणार नव्हतो. मग मीच तोड काढली. वरची गाठ सोडून दोराचा मध्य खाली आकड्यात अडकवला आणि दोन्ही टोकं तिच्या दोन हातांत दिली. एका दोराचे दोन पदर झाले. दोन्ही सारखे ताणून घेतले आणि तिला दोन्ही झटके एकाच वेळी द्यायला सांगितलं. खाली मी दोन पदरांवर दोन तळहात ठेवले आणि डोळे मिटले, म्हणजे बघून फसायला नको. चाचाला सांगितलं, ती कोणत्या हातानं हळू देते ते तू बघ, मला सांगू नको.

दोन्ही धक्के एकदम आले.

उजव्या तळहातावर दणका, डाव्यावर नुसता स्पर्श, मांजरानं अंग घासावं तेवढा. पण एकदम. मी म्हणालो, पुन्हा दे. पुन्हा एकदम. हात बदल म्हणालो. एकदम. किती वेळा दिला ते मोजलं नाही. चाचानं खुर्चीवरून सांगितलं, "मिस्त्री, लडकी सही बोल रही."

मी डोळे उघडले नाहीत. मला तो मंगळवार आठवत होता. दोर आकड्यात होता, माझा हात दोरावर नव्हता. चाचा मला त्याच्या गुडघ्याचं सांगत होता, डॉक्टरनं वाटी बदला म्हटलंय म्हणून, आणि मी त्याचा गुडघा दाबून बघत होतो. तिनं वेळेवर दिला होता. हळू दिला असेल, वेळेवर दिला होता. नंतर पुन्हा दिला असेल, वर बघताना तो मला दोरात दिसला. आणि फक्त त्याच दिवशी नाही. चाळीस वर्षं मी तिला हात हळू म्हणून बोललो आणि चाळीस वर्षं ध्यान माझं नव्हतं.

मी तीन महिने जे उराशी घेऊन बसलो होतो तेही खोटं निघालं. आदल्या दिवशी तिच्या हातातला जीव कमी झाला नव्हता. झाला असला तरी दोरानं तो मला सांगितला नसता. त्या दिवशी ती माझ्यापेक्षा जास्त जागी होती. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलंही. पण छातीवरची एक वीट कुणीतरी उचलल्यासारखं झालं. चूक माझी निघाली तर ती मला दुरुस्त करता येते. तिचा मरणाचा दिवस मला दुरुस्त करता येत नव्हता.

पोरगी खाली आली. माझं तोंड बघून घाबरली. मी तिला सगळं सांगितलं, टाकीचं, बोलल्याचं, सगळं. चाचा ऐकत होता, त्यानं हात गुडघ्यावर ठेवला. पोरगी रडली. मग नाक पुसत म्हणाली, "म्हणजे आजीचं उत्तर बरोबर होतं."

"व्हय. आणि तिला माझ्यासमोर बरोबर दाखवायला कुणी सांगितलं नाही. तुला सरांनी सांगितलंय. तू जाती का नाही?"

ती गेटचा आकडा बघत बसली. मग विचारलं, हा दोर शाळेत नेला तर चालेल का?

सोमवारी सकाळी ती दप्तरासोबत गोणी घेऊन गेली. मी दिवसभर कठड्यावर बसून होतो. चार वाजता ती आली ती गल्लीच्या तोंडापासूनच हातवारे करत. वर्गाच्या खिडकीच्या गजाला दोर अडकवला, दोन पदर केले आणि जी मुलगी सगळ्यात जास्त हसली होती तिलाच डोळे मिटून तळहात ठेवायला लावले. तिलाही एकदम आले. मग सगळ्या वर्गानं रांग लावली. सरांनी स्वतः डोळे मिटून बघितलं. दोर खिडकीला नुसता बांधला तर झटका उलटा परत येतो हेही हिनं दाखवलं, तेव्हा सर म्हणाले हे तर पुढच्या वर्गांत येतं, तुला कुणी शिकवलं? ही म्हणाली, आजी-आजोबांचा धंदा आहे आमचा.

सायन्सच घेते हे तिनं रात्रीच्या जेवणावर बापाला एका वाक्यात सांगितलं. तो बरं म्हणाला. सून म्हणाली, जशी तुझी मर्जी, आणि तिला अजून एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मुलगा उठायच्या आत मी बाहेर आलो. रात्री ठरवलं नव्हतं काही. दोर सळईला बांधून खाली सोडला, आकड्यातून घेतला. पोरगी शाळेच्या कपड्यात, अर्धी वेणी घातलेली, न विचारता गच्चीवर गेली. एक झटका आला, मी मोटार लावली. बाजेवरची उशी काढून पायरीवर टाकली, बसलो आणि दोर दोन्ही हातांत धरला. मध्येच चाचा त्याच्या दारात आला. ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून सांगायला लागला असावा, ओठ हलताना दिसले.

"चाचा, थांब जरा. दोर हातात हाये माझ्या."

तो थांबला. पोरीचा हात हलकाच आहे, आजीसारखा. दोन झटके आले, मांजरानं अंग घासावं तेवढे. मी बटण बंद केलं. वर बघितलं, गच्चीवरून एक थेंब पडला नाही. मग दोराला मीच तीन झटके दिले. परत आले नाहीत.